क्लाउडची परीक्षा : विद्या आणि प्रमाणपत्र



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची आपल्या महाराष्ट्रातली चाल १८७५ सालची आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ती पुण्यात सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. तिच्यात बहुधा इतिहास, साहित्य, अर्थकारण यांचा ऊहापोह होतो. अशा व्यासपीठावरून बोर्ली पंचतनसारख्या गावात आम्ही एका परीक्षेविषयी बोलणार आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज कित्येक घरांतील मुले-मुली जिचा अभ्यास करीत रात्री जागतात, जिच्या शुल्कासाठी वडिलांना बाजूला ठेवलेल्या पैशांत हात घालावा लागतो, ती परीक्षा नेमकी कशाची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसावे, हे बरे नव्हे.

ही परीक्षा क्लाउडची, म्हणजे ढगाची. आपल्या कोकणातल्या माणसाला ढग काही नवा नाही. पण हा ढग आकाशातला नव्हे. संगणकांचे जाळे कागदावर दाखवताना, पलीकडे काय आहे याच्या तपशिलात शिरायचे नसेल तेथे अभियंते ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. वस्तुतः हा ढग भक्कम जमिनीवर असतो. मोठमोठ्या इमारती, त्यांत हजारो संगणक, त्यांना गार ठेवणारी यंत्रे आणि अखंड वीज, असा तो कारखाना असतो. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली अशा संगणकांचा वापर भाड्याने देण्यास प्रारंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईतच आपली केंद्रे उघडली. भारत सरकारनेही स्वतःच्या कामासाठी असा मेघ उभारला असून त्याला ‘मेघराज’ असे सुरेख नाव दिले आहे.

यातले तत्त्व सोपे आहे. मुंबईला जायचे म्हणून कोणी एस. टी. ची गाडी विकत घेत नाही. तिकीट काढतो, प्रवास करतो आणि उतरून जातो. तद्वत संगणक विकत न घेता लागेल तेवढा वेळ वापरायचा आणि तेवढेच पैसे द्यायचे. गणपतीच्या दिवसांत एस. टी. कोकणासाठी जादा गाड्या सोडते आणि गौरी-गणपतींचे विसर्जन झाले, चाकरमानी परतले, की त्या काढून घेते. गर्दी वाढली की यंत्रे वाढवणे आणि ओसरली की कमी करणे, हा क्लाउडचा मुख्य गुण होय. आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.

एस. टी. चाच दाखला आणखी थोडा ताणू. रोजचे तिकीट काढणारा एक प्रवासी, महिन्याचा पास काढणारा दुसरा. पासवाल्याला स्वस्त पडते, कारण तो रोज येणार हे ठरलेले असते. क्लाउडमध्येही लागेल तेव्हाचे भाडे महाग असते आणि एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर ते स्वस्त होते. तिसरा एक प्रकार असा की, कंपनीची जी यंत्रे रिकामी आहेत ती नव्वद टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळतात. पण कंपनीला गरज पडताच दोन मिनिटांची सूचना देऊन ती काढून घेतली जातात. कोणते काम कोणत्या भाड्याने करावे, हे ज्याला बिनचूक सांगता येते त्याला या परीक्षेचा एक मोठा भाग साधला असे समजावे.

आता परीक्षेकडे वळू. अशा परीक्षा अनेक आहेत. उदाहरणादाखल ॲमेझॉनची पहिली पायरी घेऊ. तिचे नाव ‘क्लाउड प्रॅक्टिशनर’. प्रश्न ६५, वेळ ९० मिनिटे, शुल्क १०० डॉलर, म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये आणि कर वेगळा. गुण शंभर ते हजार या मापात देतात आणि उत्तीर्ण होण्यास ७०० लागतात. पासष्टांपैकी पंधरा प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत. पुढील परीक्षांसाठी त्यांची केवळ चाचणी घेतलेली असते. ते पंधरा कोणते, हे मात्र परीक्षार्थ्याला कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. याहून वरची पायरी ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ ही होय. तेथेही प्रश्न ६५च, पण वेळ १३० मिनिटे, शुल्क १५० डॉलर आणि उत्तीर्ण होण्यास ७२० गुण. ही प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात. अनुत्तीर्ण झालेल्यास चौदा दिवस थांबून पुन्हा बसता येते. शुल्क अर्थातच पुन्हा भरावे लागते.

अभ्यास कसा करावा? आम्ही स्वतः बऱ्याच उतरत्या वयात या परीक्षेला बसलो आणि उत्तीर्ण झालो, म्हणून चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

पहिली गोष्ट, कंपनी स्वतः परीक्षेची एक मार्गदर्शिका फुकट देते. कोणत्या भागाला किती वजन, हे तीत छापलेले असते. पहिल्या पायरीच्या परीक्षेत सुरक्षिततेला ३० टक्के, निरनिराळ्या सेवांना ३४ टक्के, मूळ संकल्पनांना २४ टक्के आणि हिशेब व आकारणीला १२ टक्के. तालुक्याच्या गावी निघालेला माणूस आधी गाडीची वेळ पाहतो. पण परीक्षेला निघालेली कित्येक मुले ही मार्गदर्शिका न वाचता थेट महागड्या शिकवणीत नाव घालतात.

दुसरी गोष्ट, हाताने करून पाहणे. नुसत्या पुस्तकावरून पोहणे येत नाही, हे समुद्रकाठच्या लोकांना आम्ही काय सांगावे! नव्या खातेदाराला काही मर्यादेपर्यंत फुकट वापर करू देतात. त्यात एक यंत्र सुरू करावे, एक फाइल ठेवावी, ती कोणाला दिसते व कोणाला दिसत नाही हे तपासावे. मात्र खाते उघडल्याबरोबर खर्चाच्या इशाऱ्याची सोय प्रथम करून घ्यावी आणि काम संपताच यंत्र बंद करावे. नळ उघडा राहिला तर पाणी वाया जाते; येथे यंत्र सुरू राहिले तर महिनाअखेर बिल येते.

तिसरी गोष्ट, टिपणे आपल्या भाषेत लिहावीत. परीक्षा मराठीत होत नाही, हे खरे; परंतु समजूत मराठीत व्हायला कोणाची हरकत आहे? क्लाउडमधील जबाबदारीच्या वाटणीचा एक नियम आहे. त्याचे इंग्रजी वर्णन पाठ करून पोरे थकतात. पण बँकेतल्या लॉकरचे उदाहरण घेतले की तो क्षणात कळतो. इमारत, पहारा, तिजोरीची भिंत ही बँकेची जबाबदारी. आपली किल्ली कोणाच्या हाती द्यायची, ही आपली. क्लाउडमध्ये इमारत आणि यंत्रे कंपनी सांभाळते. आपला मजकूर, आपला परवलीचा शब्द आणि कोणाला आत येऊ द्यायचे हे आपण सांभाळायचे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना ॲमेझॉनची इंग्रजीतील परीक्षा देताना अर्धा तास जादा मागता येतो. ही सवलत तारीख ठरवण्यापूर्वी मागावी लागते. आपल्या मुलांनी ती मागण्यात यत्किंचितही कमीपणा मानू नये.

चौथी गोष्ट, प्रश्न वाचण्याची कला. प्रश्नात बहुधा एक शब्द असा असतो की त्यावर सगळे उत्तर फिरते. समजा, दिवेआगरच्या एका घरगुती खानावळवाल्याची जुनी बिले जपून ठेवायची आहेत. ती क्वचितच लागतात. पण लागली की तत्क्षणी हवीत. खर्च कमी हवा. साठवणीचा सर्वांत स्वस्त प्रकार निवडावा, असे मनात येते. पण तेथून कागद बाहेर काढायला बारा तासांपर्यंत वेळ लागतो. प्रश्नात ‘तत्क्षणी’ हा शब्द आहे, म्हणून ते उत्तर बाद. क्वचित लागणाऱ्या पण ताबडतोब मिळणाऱ्या मजकुरासाठी वेगळा वर्ग आहे, तो बरोबर. सरावाचे प्रश्न सोडवताना बरोबर उत्तर कोणते एवढेच पाहू नये. उरलेली तीन का चूक, हे स्वतःला सांगता आले पाहिजे. ते येऊ लागले की अभ्यास पुरा झाला.

मंडळी, या विद्येतला सर्वांत महत्त्वाचा धडा आपल्या किनाऱ्याने पुस्तकाशिवायच शिकला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यात सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली आणि फोनही मुके झाले. सुपारीचे झाड फळ धरायला पाच-सात वर्षे घेते. एका दुपारी गेलेले धन परत यायला एवढा काळ. ज्याची सारी झाडे एकाच वाडीत, त्याचे सर्वस्व गेले. क्लाउडचा अभियंता नेमके हेच ओळखून चालतो. एक इमारत बंद पडणार, हे तो गृहीतच धरतो. म्हणून काम एकमेकांपासून अंतरावर असलेल्या केंद्रांत वाटतो आणि महत्त्वाच्या मजकुराची प्रत दूरच्या शहरात ठेवतो. मुंबईतील केंद्राला धोका झाला तर हैदराबादला प्रत असावी. २०२२ साली ॲमेझॉनचे तेथे दुसरे केंद्र सुरू झाले, त्यामुळे हे आता देशातल्या देशात साधते. ज्या मुलाने ते वादळ पाहिले, त्याला हा धडा पाठ करावा लागू नये.

परीक्षेच्या दिवसाविषयी दोन शब्द. ती घरी बसूनही देता येते. संगणकाच्या कॅमेऱ्यातून दूरचा पर्यवेक्षक पाहत असतो. खोलीत दुसरे कोणी असता कामा नये, टेबलावर कागद नको, कोणी मध्येच आत येता कामा नये. चहा घेऊन प्रेमाने दार उघडणारी आजी येथे नकळत नातवाची परीक्षा बुडवील! पुटपुटत वाचण्याची आपल्यापैकी अनेकांची सवयही तेथे चालत नाही. ओळखपत्रावरचे नाव आणि नोंदणीतले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असे नको. आणि ज्या गावात जोराचा वारा सुटला की वीज जाते, तेथे पावसाळ्यात घरून परीक्षा देण्यापेक्षा पाच-सहा तासांचा प्रवास करून मुंबईचे केंद्र गाठावे, आदल्या दिवशी नातेवाइकांकडे उतरावे, हेच शहाणपणाचे.

आता एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. या परीक्षांतले प्रश्न चोरून विकण्याचा धंदा चालतो. ‘हे तीनशे प्रश्न पाठ करा, उत्तीर्ण व्हाल’ असे सांगणारे भेटतात. परीक्षेला बसताना गुप्ततेचा करार मान्य करावा लागतो. तो मोडल्याचे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होते आणि पुढची दारेही बंद होतात. पण आम्हांला त्याहून मोठे नुकसान दिसते. मुलाखतीला बसलेला जाणकार विचारतो, ‘एक केंद्र बंद पडले, तुम्ही काय कराल?’ पाठ केलेल्या तीनशेत हा प्रश्न नसतो. मग आठ-नऊ हजारांचा तो कागद मुलाच्या हातात असतो आणि त्याच्यावरचा विश्वास समोरच्याच्या डोळ्यांतून उतरत असतो. प्रमाणपत्र वाहन चालवण्याच्या परवान्यासारखे आहे. परवान्याने रस्त्यावर येता येते; घाट मात्र स्वतःच्या हाताने चढावा लागतो.

म्हणून पालकांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की, हे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. ‘परीक्षा द्या, नोकरी ठेवलेलीच’ असे सांगून कोणी लाख रुपये मागत असेल, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. आणि मुलगा पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाला, तर त्याच्या शुल्काचा हिशेब चार लोकांत काढू नये. कोणत्या भागात तो कमी पडला, हे गुणपत्रकात दाखवलेले असते. ते त्याच्याबरोबर बसून पाहावे.

या किनाऱ्याची कित्येक पिढ्यांची तरुण माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत गेली आणि गावातल्या चुली त्यांच्या मनीऑर्डरींवर पेटल्या. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्यांचा तो आधारही ढासळला. नव्या विद्येने सारी माणसे गावी परततील, असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण काम करण्यासाठी यंत्राजवळ राहण्याची सक्ती या विद्येत नाही, ही गोष्ट इतिहासात नवी आहे. तिचा लाभ घ्यायचा तर गावात टिकाऊ वीज हवी, खंड न पडणारी जोडणी हवी आणि मुलांना शांतपणे बसून अभ्यास करता येईल अशी एखादी खोली हवी. पहिल्या दोन गोष्टींसाठी सरकारकडे पाठपुरावा करावा लागेल. तिसरी मात्र आपल्या हातात आहे. शाळेतली किंवा वाचनालयातली एक खोली, दोन संगणक आणि संध्याकाळी दोन तास तेथे बसणारा एखादा जाणता निवृत्त माणूस, एवढे जमले तरी शहरातल्या शिकवणीचा निम्मा खर्च वाचेल. हे काम आपण या वर्षी हाती घ्यावे, एवढी विनंती करून आमचे भाषण पुरे करतो.