ओळ कोठे मोडावी?



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, राजकारण, आरोग्य असे विषय शोभतात. तेथे ‘ओळ कोठे मोडावी’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, तेव्हा कारकुनाच्या टेबलावरचा हा प्रश्न येथे कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या तालुक्यात शेताचे, आगराचे, मिठागराचे जुने कागद पेट्यांतून जपून ठेवलेले आहेत, त्या तालुक्याला हा प्रश्न परका नाही.

प्रथम एक उदाहरण घेऊ. ‘तोडावसोडा’ ही पाच अक्षरे सलग लिहिली आहेत. एकजण वाचील, ‘तो डाव सोडा’. दुसरा वाचील, ‘तोडा व सोडा’. अक्षर एकही बदलले नाही. बदलली ती मधली मोकळी जागा, आणि तिच्याबरोबर अर्थ फिरला.

आपले पूर्वज मात्र ही मोकळी जागा सोडीत नसत. आपल्या शेजारच्या रानवडचा शके ११८१ चा आणि चाणजे येथील शके ११८२ चा, असे शिलाहार राजा सोमेश्वराच्या काळचे दोन शिलालेख प्रसिद्ध आहेत. अशा लेखांत शब्दामागून शब्द सलग कोरीत. ओळ संपे ती दगड संपला म्हणून, शब्द संपला म्हणून नव्हे. पोथ्यांतही तीच रीत. दंड पडे तो वाक्याच्या वा चरणाच्या शेवटी. वाचन मोठ्याने होई. शब्द कोठे संपला ते कानाला कळे, डोळ्याला दाखविण्याची गरज नसे.

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. ग्रीक व रोमन लोकही सलगच लिहीत. शब्दांत जागा सोडण्याची रीत सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास आयर्लंडमधील मठवासीयांनी रुळविली. त्यांना लॅटिन ही परकी भाषा होती. परक्या भाषेत कान साक्ष देत नाही, म्हणून डोळ्याची सोय करावी लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मोडीपुढे आज आपली तीच अवस्था आहे.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढी आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता मजकूर ओढीत नेई. शब्द तुटत नसत. ऱ्हस्वदीर्घाचाही भेद फारसा पाळीत नसत. वाचणारा त्याच व्यवहारातला असल्याने अडत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली, आणि आजोबांचा कागद नातवाला परका झाला. या भागात शहरवसाहत आली, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, जमिनीला मोल आले. तेव्हा कागदावरील एका नावाची फोड हीदेखील लहान बाब राहिली नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, मोडी कागदाचे बाळबोध करून घेताना आधी अक्षरास अक्षर उतरावे. मुळातील ओळ जेथे संपते तेथेच संपवावी व ओळीला क्रमांक द्यावा. शब्दांची फोड त्यानंतर करावी. ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’ हे चतुःसीमेचे शब्द प्रथम सापडतात. त्यांच्यामधली माणसांची व शेतांची नावे शेवटी सोडवावी. जेथे दोन फोडी संभवतात, तेथे दोन्ही लिहाव्या. फोड चुकली तरी मूळ हाताशी राहते.

छापखाना आला आणि शब्द सुटे झाले. मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका काढली आणि दंडाशेजारी स्वल्पविराम, पूर्णविराम येऊन बसले. खिळे जुळविणारा आपली ओळ शब्दांमधल्या जागा कमीअधिक करून समासाला भिडवी. शब्द फारच लांब असला तर संयोगचिन्ह देऊन तोडी. पण त्यालाही नेम होते: जोडाक्षर फोडू नये, वेलांटी वा मात्रा आपल्या अक्षरापासून दूर करू नये, स्वल्पविराम पुढल्या ओळीच्या आरंभी नेऊ नये.

आता हे काम संगणकाकडे आले आहे. साधारणपणे मोकळी जागा दिसली की तेथे तो ओळ मोडतो. न तुटणारा लांब मजकूर आला की तो समासाबाहेर जातो, किंवा भलत्याच ठिकाणी कापला जातो. थाई भाषेत आजही शब्द सलग लिहितात; तिच्यासाठी संगणकाला शब्दकोश पाहून फोड करावी लागते. आपल्या लांब सामासिक शब्दांसाठी युनिकोडमध्ये डोळ्याला न दिसणारी, शून्य रुंदीची जागा आहे. योग्य सांध्यावर ती घातली की गरज पडल्यास ओळ तेथेच मोडते. उलट, न तुटणारी जागाही आहे. ‘१२ गुंठे’ यातला आकडा एका ओळीत आणि गुंठे दुसऱ्या ओळीत जाऊ नयेत, म्हणून ती वापरावी.

आणखी एक सवय सोडावी. पुष्कळ लोक प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबतात. कागदाचा आकार वा अक्षर बदलले की त्या ओळी मध्येच तुटून अर्ज विस्कटतो. एंटर परिच्छेद संपल्यावर दाबावा. ओळ मोडण्याचे काम यंत्रावर सोपवावे.

यंत्राला सांधे दाखवावे लागतात. जुन्या कागदाचे सांधे मात्र आपणच शोधले पाहिजेत. पेटीतला कागद जाणकाराला दाखवा, त्याची नक्कल ओळीस ओळ लावून करून घ्या, आणि मूळ कागद सांभाळा.