कलाटणी : रणांगणावरची आणि रणांगणामागची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कोठे मिळाली, या प्रश्नाची उत्तरे ठरून गेलेली आहेत. कोणी स्टालिनग्राड म्हणतो, कोणी मिडवे, कोणी एल् अलामीन. इंग्रजी चित्रपटांवर पोसलेला तरुण नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे बोट दाखवतो. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु लढाई हा युद्धाचा केवळ दृश्य भाग होय. लढण्याचे बळ कोणी, कोठे आणि कशाच्या मोबदल्यात उभे केले, हे पाहिल्याखेरीज कलाटणी या शब्दाला अर्थ येत नाही.

त्या दृष्टीने पाहू गेल्यास १९४१ सालच्या डिसेंबरातील एक आठवडा सर्वांत निर्णायक ठरतो. ५ डिसेंबरला मॉस्कोच्या वेशीवर लाल सेनेने प्रतिहल्ला सुरू केला. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. ११ डिसेंबरला हिटलरने, कोणी भाग पाडलेले नसताना, अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. काही महिन्यांत उरकावयाची मोहीम म्हणून जर्मनीने रशियावर चाल केली होती. ती मोहीम फसली आणि त्याच आठवड्यात जगातील सर्वांत मोठी औद्योगिक शक्ती शत्रुपक्षाला जाऊन मिळाली. दीर्घ युद्ध लढण्याइतके तेल जर्मनीपाशी नव्हते, तसेच जपानपाशीही नव्हते. जपानचे बहुतांश तेल अमेरिकेतूनच येई, आणि ते १९४१ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले होते.

मॉस्को वाचले ते कडाक्याच्या थंडीमुळे, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. थंडी दोन्ही सैन्यांना सारखीच होती. खरा फरक पडला तो पुरवठ्यात. वेगवान रणगाड्यांचे सैन्य म्हणून गाजलेल्या जर्मन फौजेबरोबर सहा लाखांवर घोडे होते. रशियन रेल्वेचे रूळ अधिक रुंद असल्याने ते बदलल्याशिवाय जर्मन गाड्या पुढे सरकत नसत. दरम्यान सोव्हिएत संघात एक अजब स्थलांतर चालू होते. आक्रमणानंतर दोनच दिवसांनी, २४ जून १९४१ रोजी, कारखाने हलविण्यासाठी एक मंडळ नेमण्यात आले. जुलै ते नोव्हेंबर या काळात १५२३ उद्योग उखडून आगगाड्यांतून उरल, सैबेरिया आणि मध्य आशियाकडे नेण्यात आले. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरलमधील निझ्नी तागिल येथे गेला आणि डिसेंबरातच तेथून नवे रणगाडे बाहेर पडू लागले. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याची यंत्रे चेल्याबिन्स्कच्या ट्रॅक्टर कारखान्यात आली; त्या शहराला लोक ‘टांकोग्राड’ म्हणू लागले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. १९४२ साली सोव्हिएत संघाचे पोलादाचे उत्पादन जर्मनीच्या निम्म्याहूनही कमी होते. तरीही त्या वर्षी तेथे चोवीस हजारांवर रणगाडे तयार झाले, आणि जर्मनीला त्याच्या निम्मीही मजल गाठता आली नाही. मोजके नमुने, सुटसुटीत बनावट आणि बाकी सर्व उत्पादनावर पाणी सोडण्याची तयारी, हे त्याचे इंगित होते. यंत्रांवर उभ्या राहिल्या स्त्रिया आणि कोवळी मुले. १९४३ पर्यंत औद्योगिक कामगारांत स्त्रियांची संख्या निम्म्याहून अधिक झाली होती.

या पराक्रमाचे श्रेय एका पोलादी पुरुषाला देण्याची रीत अजूनही काही ठिकाणी आढळते. त्याच पुरुषाने १९३७ पासून आपल्या सैन्यातील उत्तमोत्तम सेनानी गोळ्या घालून संपवले होते. १९३९ च्या करारान्वये त्याच्या राज्यातून धान्य आणि तेल जर्मनीला जात होते, ते थेट आक्रमणाच्या पहाटेपर्यंत. २६ डिसेंबर १९४१ च्या हुकुमाने युद्धसामग्रीच्या कारखान्यातून परवानगीवाचून निघून जाणाऱ्या कामगाराला पाच ते आठ वर्षांची कैद ठरवण्यात आली. कामगारांचे म्हणवणाऱ्या राज्यात कामगार यंत्राला असा बांधला गेला होता. त्याने देश वाचवला, हेही तितकेच खरे.

१९४२ च्या उन्हाळ्यात हिटलर कॉकेशसच्या तेलाकडे वळला. ९ ऑगस्टला मायकोप पडले; पण हाती आल्या त्या सोव्हिएतांनी आधीच निकामी केलेल्या विहिरी. (त्याच दिवशी पहाटे मुंबईत गांधीजी आणि काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. फॅसिझमविरुद्धचे युद्ध आणि साम्राज्यशाहीविरुद्धचा लढा यांतून एकच निवडावा लागतो, असा युक्तिवाद तेव्हा करण्यात आला. ज्यांनी तो केला त्यांना पुढे त्याचे ओझे वाहावे लागले.) बाकूपर्यंत जर्मन कधीच पोचले नाहीत. स्टालिनग्राडमध्ये १९ नोव्हेंबरला वेढ्याची सुरुवात झाली, तीही शहरात नव्हे, तर तुटपुंज्या सामग्रीनिशी बगला सांभाळणाऱ्या रुमानियन फौजांवर. २ फेब्रुवारी १९४३ ला जे सुमारे ९१ हजार सैनिक अखेर कैद झाले, त्यांपैकी घरी परतले ते जेमतेम पाच-सहा हजार.

पॅसिफिकमध्ये जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. अमेरिकेचे एक बुडाले, पण तिच्या गोद्यांत पुढची तयार होत होती. अटलांटिकमध्ये मे १९४३ या एका महिन्यात चाळीसहून अधिक जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या आणि उरलेल्या माघारी बोलवाव्या लागल्या. या लढाईचे नाव फारसे कोणी घेत नाही. वस्तुतः हा समुद्रमार्ग मोकळा झाला नसता तर नॉर्मंडीचे आक्रमण कागदावरच राहिले असते. रशियाला लेंड-लीजखाली मिळालेल्या सुमारे चार लाख मोटारी आणि जीपगाड्यांवरून लाल सेना पुढे पश्चिमेकडे धावली, हेही मोकळेपणी सांगावयास हवे.

आणखी एक हिशेब लष्करी इतिहासात सहसा येत नाही. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरून होड्या आणि तांदूळ हलवला. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या गेल्या, कलकत्त्यात पैसा खेळू लागला, आणि शेतमजुराची मजुरी तांदळाच्या भावामागे फरफटत राहिली. १९४३ साली उपलब्ध असलेले धान्य १९४१ च्या मानाने कमी नव्हते, उलट अधिकच होते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकड्यांनिशी दाखवून दिले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. शेतमजूर, कोळी आणि नावाडी त्यांत सर्वांत आधी गेले.