श्रद्धेकडून चिकित्सेकडे : वोल्फगांग लिओनहार्ड यांचे जीवन



भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश आपण प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. परंतु तो आचरणात आणताना केवढी किंमत मोजावी लागते, हे समजण्यासाठी आज मी एका जर्मन अभ्यासकाचे जीवन आपल्यापुढे ठेवणार आहे.

वोल्फगांग लिओनहार्ड यांचा जन्म १९२१ साली व्हिएन्ना येथे झाला. आई सुझान कट्टर साम्यवादी होत्या. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३५ साली मायलेक मॉस्कोत आश्रयाला गेले. ज्या कामगारांच्या राज्याकडे मोठ्या आशेने धाव घेतली, त्याच राज्याच्या गुप्त पोलिसांनी ऑक्टोबर १९३६ मध्ये आईला अटक केली. पुढील बारा वर्षे तिने छावण्यांत काढली.

मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तरीही त्याची श्रद्धा ढळली नाही. १९४२ साली उफा शहराजवळील कुश्नारेन्कोवो येथे कॉमिन्टर्नच्या गुप्त प्रशिक्षण शाळेत त्याची निवड झाली. तेथे विद्यार्थी टोपणनावाने राहत. साध्या बोलण्यातूनही राजकीय दोष शोधला जाई आणि सर्वांसमोर 'आत्मटीका' करावी लागे. आपल्या भिक्खुसंघातही वर्षावासाच्या शेवटी पवारणा होते. पण तेथे भिक्खू स्वतःहून इतरांना विनंती करतो की, माझा दोष दिसला असेल तर करुणेने सांगा. एका ठिकाणी भीती आहे, दुसऱ्या ठिकाणी मैत्री आहे. हा फरक लहान नव्हे.

३० एप्रिल १९४५ रोजी वॉल्टर उल्ब्रिख्ट यांच्या गटाबरोबर लिओनहार्ड बर्लिनला परतले. शहरात नवे प्रशासन उभारताना महापौरपदी इतर विचारांची माणसेही बसवली गेली. परंतु पोलीस, शिक्षण, नेमणुका ही खाती साम्यवाद्यांकडेच ठेवली गेली. लोकशाहीचा देखावा कसा उभा राहतो, हे त्यांनी आतून पाहिले. १९४८ मध्ये स्टालिनने युगोस्लाव्हियाला बहिष्कृत केले, तेव्हा लिओनहार्ड यांना युगोस्लाव्हियाची बाजू पटली. मार्च १९४९ मध्ये, पक्षाच्या उच्च विद्यालयातील शिक्षकाची प्रतिष्ठेची जागा सोडून, ते जीव धोक्यात घालून बेलग्रेडला निसटले. १९५० साली ते पश्चिम जर्मनीत आले. १९५५ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वाचले गेले. १९६६ ते १९८७ या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात त्यांनी साम्यवादाचा इतिहास शिकवला. २०१४ साली त्यांचे निधन झाले.

मित्रहो, पक्ष सोडणारे पुष्कळ असतात. त्यांतील काही जण कालच्या देवाला आज शिव्या देतात; म्हणजे श्रद्धा तशीच राहते, फक्त दिशा बदलते. लिओनहार्ड यांनी तसे केले नाही. मार्क्सवाद म्हणजे एकच एक वस्तू, असे न मानता त्यांनी सोव्हिएत, माओवादी आणि मानवतावादी असे त्याचे प्रवाह वेगळे करून दाखवले. १९३९ च्या हिटलर-स्टालिन कराराचा साध्या कार्यकर्त्यांच्या मनावर कसा आघात झाला, यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांना सत्तेची चीड होती, पण फसवल्या गेलेल्या माणसांची चेष्टा त्यांनी केली नाही.

येथे आपल्याला बाबासाहेबांची आठवण होते. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. दुःख आणि शोषण यांविषयी मार्क्सने विचारलेला प्रश्न त्यांनी फेकून दिला नाही. हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग मात्र नाकारले. साध्य कितीही उदात्त असले तरी साधन तपासलेच पाहिजे, हे त्यांचे सांगणे होते. सुझान लिओनहार्ड यांची बारा वर्षे हा त्याचाच पुरावा आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी विनंती आहे. मार्क्स वाचा, त्याचे टीकाकारही वाचा. बाबासाहेबांचे ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवून त्यांना हार घालू नका. ते उघडा, त्यांवर प्रश्न विचारा, वाद घाला. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला चळवळीचा शत्रू समजू नका, अशी वडीलधाऱ्यांनाही नम्र विनंती आहे. ज्या संघटनेत प्रश्नाची भीती वाटू लागते, तिथे कुश्नारेन्कोवोची शाळा सुरू झालीच म्हणून समजा.



नमो बुद्धाय. जयभीम.