पाचवे शील आणि घरातली पुडी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण खरं बोलायचं तर काही घरांत अजून भांगेची गोळी, गांजाची पुडी सापडते. गांजा तर १९८५ च्या कायद्याने गुन्हाच. आमचं पहिलं सांगणं, सोडा. ज्याला आज सुटत नाही, त्याने निदान लेकराच्या हाताला लागू देऊ नये.

मागे धुळवडीला आमच्या चाळीत चार वर्षांच्या पोराने भांगेचा पेढा खाल्ला. त्याला ती मिठाईच! तासभर काही नाही. मग झोकांड्या जाऊ लागल्या, हाक मारली तरी उठेना. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? बाप लाजेपायी गप्प. शेवटी आईने सांगितलं. पोर वाचलं.

खाल्लेली भांग अर्ध्या तासाने, कधी दोन तासांनीही चढते. लहान अंगाला थोडीही फार होते. म्हणून ती खाऊच्या डब्यात, फ्रीजमध्ये, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात नको. असलीच तर कुलपात. पोराने खाल्लीच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा, उरलेला तुकडा सोबत न्या. आणि डॉक्टरांना खरं सांगा. गेलेली अब्रू पुन्हा कमावता येते, लेकरू नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!