उपनगरातील मैफल कोणी सांभाळावी?



पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, लोकाश्रयावर. दरबारातले गाणे त्यांनी समाजाच्या स्वाधीन केले. पण त्यांच्याच मुंबईतील विद्यालयाची वास्तू १९२४ साली कर्जापायी लिलावात गेली. टाळ्या वाजविणारे पुष्कळ मिळतात. नियमित भार उचलणारे मोजके.

उपनगरांत हा भार सांताक्रूझचे सबर्बन म्युझिक सर्कल, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ अशा संस्थांनी वाहिला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील वसाहतींनाही हे अशक्य नाही. रात्रभराच्या मैफली बहुतेक संपल्या. मध्यरात्रीचा दरबारी नऊलाच उरकतो! तोडी, देसकार, जौनपुरी हे सकाळचे राग तर संध्याकाळच्या कार्यक्रमांत गायलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी रविवार सकाळची बैठक हवी. सोसायटीचे सभागृह त्यास पुरते. लहान जागेत ध्वनिक्षेपकही फारसा लागत नाही.

प्रश्न उरतो बिदागीचा. शंभर घरांनी वर्षाची वर्गणी आगाऊ दिली, तर गायकाला, तबला-संवादिनीच्या साथीदारांना मानाने बोलावता येते आणि नवोदितालाही संधी देता येते. प्रायोजक एखाद्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी फिरकत नाही. ओळखीने फुकट प्रवेशिका मागण्याची सवय मात्र सुशिक्षितांनीच आधी सोडावी.

आणि मुलांना पुढे, सतरंजीवर बसवावे. तंबोरे जुळेपर्यंत शांत बसणे ती तिथेच शिकतात.