एका अक्षराचा फरक

तुम्ही पाटीवर कित्ता उतरवता. कधी एखादा काना राहतो आणि 'माळा'चा 'मळा' होतो. देहाचंही तसंच आहे, बरं का. आईबाप मुलाला देहाचा कित्ता देतात. तो उतरताना क्वचित एखादे अक्षर बदलते. तो बदल मुलाकडून नातवाकडे जातो. असे बदल पिढ्यान् पिढ्या साठतात, आणि माणसामाणसांत फरक पडतो.

एक उदाहरण सांगतो. हजारो वर्षांपूर्वी रक्ताच्या कित्त्यात एकच अक्षर बदलले. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. या दुखण्याला सिकलसेल म्हणतात. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली भागांत ते आढळते.

मग असा बदल टिकला कसा? तो आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर बहुधा त्रास होत नाही. उलट हिवतापाचा जोर कमी होतो. हिवतापाच्या मुलखात अशी माणसे जास्त जगली, त्यांची पोरेबाळे वाढली. बदल पसरला.

पण दोघांकडूनही तो आला, तर मूल आजारी होते. अंग ठणकते, रक्त कमी पडते. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर मुलाला हा धोका चारात एक असतो.

तेव्हा सुनेला बोल लावू नका. हा शाप नव्हे. कित्ता दोघांचा असतो. लग्न जुळवताना घरदार पाहता ना? तशी सरकारी दवाखान्यात दोघांच्या रक्ताची तपासणीही करून घ्या.