आंकडा कोणाच्या हातचा?
(अमेरिकेंतील वर्णभेद, पोलीस व पुराव्याची पारख या विषयावरील व्याख्यान)

१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक छापलें, तें गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. तेव्हांपासून तेथील काळ्या लोकांच्या सुखदुःखाशीं आपला ऋणानुबंध आहे. गुलामी कायद्यानें गेली. परंतु रस्त्यावरचा पोलीस काळ्या माणसाशीं न्यायानें वागतो कीं नाहीं, हा वाद तेथें अजून चालू आहे. एक पक्ष म्हणतो, जुलूम होतो. दुसरा म्हणतो, गुन्हे जास्त म्हणून अटका जास्त. दोघेही आंकडे पुढें करतात. मग साध्या माणसानें विश्वास कोणावर ठेवावा? आपण बाजारांत मडकें घेतांना तें वाजवून पाहतों. आंकडाही तसाच वाजवून घ्यावा. तो कसा, हें आज सांगतों.

पहिला प्रश्न हा कीं, वही कोणी लिहिली? सावकाराच्या वहींत कुळाचें कर्ज सावकारच लिहितो, हें आपल्यास नवें नाहीं. २५ मे २०२० रोजीं मिनियापोलिस शहरांत जॉर्ज फ्लॉइड नांवाचा काळा मनुष्य पोलिसाच्या गुडघ्याखालीं मान दाबली जाऊन मेला. पोलीस खात्याच्या पहिल्या पत्रकांत काय होतें? अटकेच्या वेळीं त्यास प्रकृतीचा त्रास दिसला व तो इस्पितळांत वारला, इतकेंच. गुडघ्याचें नांवही नव्हतें. तेथें उभ्या असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीनें फोनवर चित्रण केलें होतें, म्हणून खरें काय तें जगास कळलें, आणि २०२१ सालीं तो पोलीस खुनाबद्दल दोषी ठरला.

दुसरा प्रश्न : जें वहींत चढलेंच नाहीं, त्याचें काय? पोलिसांच्या गोळीनें वर्षास किती माणसें मरतात, याचा पुरा हिशेब अमेरिकेच्या सरकारजवळ नव्हता. कारण पोलीस ठाण्यांनीं माहिती द्यावी अशी सक्ती नव्हती. २०१५ सालापासून ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वर्तमानपत्रानें स्वतः मोजणी आरंभिली, तेव्हां दरसाल हजाराच्या आसपास माणसें निघाली. सरकारी आंकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. पुढें २०२१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत अभ्यास आला. १९८० ते २०१८ पर्यंत पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक सरकारी मृत्युनोंदींत दुसऱ्याच कारणाखालीं दडले, असा त्याचा अंदाज आहे.

मग पोलिसांची वही चुलींत घालावी काय? मुळींच नाहीं. सावकाराची वही कधीं कधीं सावकारासच गोत्यांत आणते. न्यूयॉर्क शहरांत पोलीस वाटसरूंस थांबवून झडती घेत, आणि प्रत्येक वेळीं एक कागद भरीत. त्याच कागदांवरून २०१३ सालीं कोर्टांत निकाल झाला. जानेवारी २००४ ते जून २०१२ पर्यंत ४४ लाख वेळां माणसें थांबविलीं गेलीं. त्यांत शेंकडा ५२ काळे होते. शहराच्या वस्तींत मात्र काळे शेंकडा २३ च होते. शंभरांपैकीं ८८ वेळां अटकही नाहीं, खटलाही नाहीं, माणसाला तसेंच सोडून दिलें. काळ्या माणसाजवळ हत्यार सांपडलें तें शंभरांत एकदां, गोऱ्याजवळ १.४ वेळां. गोऱ्यांवर संशय कमी घेतला गेला, तरी माल अधिक त्यांच्याजवळ मिळाला! हा पुरावा भारी, कारण तो ज्याच्या विरुद्ध जातो त्याच्याच हातचा आहे.

तिसरा प्रश्न : भागिलें कशानें? समजा, गांवांत कुंभारांचीं १० घरें व इतरांचीं ९० आहेत. जप्ती आली ती कुंभारांच्या ५ घरांवर व इतरांच्या १५ घरांवर. एकजण म्हणेल, जप्त घरांत इतरांचींच तिप्पट आहेत, मग कुंभारांवर जुलूम कसला? पण कुंभारांचीं निम्मीं घरें गेलीं, इतरांचें सहांतून एक गेलें, हें तो सांगत नाहीं. २०१९ सालीं एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकांत आलेल्या निबंधाची अशीच गत झाली. गोळी लागलेल्यांत काळे किती, यावरून काळ्यांस गोळी लागण्याचा संभव किती, हें ठरवितां येत नाहीं, असा आक्षेप विद्वानांनीं घेतला. आणि २०२० सालीं लेखकांनीं तो निबंध मागें घेतला. छापून आलें म्हणून खरें, ही समजूत पोथीपुरतीच नव्हे, निबंधापुरतीही सोडली पाहिजे.

चौथा प्रश्न : नोंद कोठून सुरू झाली? हार्वर्डचे अर्थशास्त्री रोलंड फ्रायर, हे स्वतः काळे, यांनीं २०१६ सालीं लिहिलें कीं, ढकलणें, बेड्या घालणें अशी बळजबरी काळ्यांवर अधिक होते, परंतु गोळीबारांत फरक आढळला नाहीं. गृहस्थ प्रामाणिक, काम मेहनतीचें. तरी २०२० सालीं इतर अभ्यासकांनीं एक गोष्ट दाखविली. पोलिसांच्या नोंदींत थांबविलेलीच माणसें असतात. नाकेदार एका आळीच्या सर्व गाड्या अडवील, आणि दुसऱ्या आळीची चोरीच्या मालाची गाडीच तेवढी अडवील, तर अडविलेल्या गाड्यांचा दंड ताडून पाहून त्याची नियत कशी कळणार? त्यावर दुसऱ्या विद्वानांनीं एक युक्ति वापरली. सुमारे साडेनऊ कोटी मोटारथांब्यांच्या नोंदी त्यांनीं तपासल्या. अंधारांत हांकणाऱ्याचा रंग दिसत नाहीं. आणि अंधार पडल्यावर थांबविलेल्यांत काळ्यांचें प्रमाण घटलेलें आढळलें. येथें आंकडा बोलका झाला.

पांचवा प्रश्न सर्वांत कठीण, कारण तो आपल्याच मनाला आहे. आपल्या बाजूची गोष्ट आपण तपासतों काय? २०१४ सालीं फर्ग्युसन गांवीं पोलिसानें एका काळ्या तरुणास गोळी घातली. त्यानें हात वर केले होते, असें देशभर पसरलें. मार्च २०१५ मध्यें केंद्राच्या न्यायखात्यानें एकाच दिवशीं दोन अहवाल काढले. हात वर केल्याच्या साक्षी टिकत नाहींत, असें एकांत आहे. दुसऱ्यांत त्याच गांवच्या पोलिसांचा पक्षपात उघडा केला आहे : वस्तींत काळे शेंकडा ६७, अटकेंत शेंकडा ९३, आणि गांवाचा खजिना त्यांच्या दंडावर भरलेला. जो पहिला अहवाल लपवितो, त्याच्या तोंडून दुसरा कोणी ऐकणार नाहीं. पीडितांच्या बाजूस खोट्याची गरज नाहीं. खरें पुरेसें आहे.

हा विषय परदेशचा म्हणून हंसण्यावारी नेऊं नका. १८७१ च्या कायद्यानें आपल्या देशांत जमातीच्या जमाती जन्मानें गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास त्यांस तारेच्या कुंपणांत ठेविलें, हजेऱ्या घेतल्या. हजेरी चुकली कीं गुन्हा, आणि गुन्हे झाले म्हणून जमात गुन्हेगार! कायदा १९५२ सालीं रद्द झाला. त्या दप्तरानें लावलेला डाग मात्र लेंकरांच्या कपाळीं राहिला. खोटा आंकडा कागदावरच राहात नाहीं. रात्रीं कोणाचें दार ठोठावलें जाईल, हें तो ठरवितो.

म्हणून बंधुभगिनींनो, मुलांस नुसतें वाचावयास शिकवूं नका, विचारावयास शिकवा. वही कोणाची? काय गाळलें? कशानें भागिलें? कोठून मोजलें? आणि मला आवडलें म्हणून तर मी मानीत नाहीं ना? हे पांच प्रश्न ज्या घरांत विचारले जातात, तें घर कोणाच्या सांगण्यावरून दुसऱ्यास चोर म्हणणार नाहीं, आणि स्वतःस चोर म्हणूनही घेणार नाहीं.